मोरीवरचा दिवा

एकतीस वर्षं मी रेल्वेत स्टेशनमास्तर होते, आणि एकतीस वर्षांत एकदाही खोटा सिग्नल दिला नाही. हे आधीच सांगून ठेवते. कारण सगळं ऐकून झाल्यावर लोक म्हणतात, जाऊ द्या हो मगदूमबाई, पोरांना कामं असतात. कामं मलाही होती. सम्मेद आठ महिन्यांचा असताना त्याला ऑफिसातल्या टेबलाखाली दुपट्यावर निजवून मी मालगाड्या काढल्या आहेत.

मिरजेच्या बाहेर, बेडग रस्त्याला माझं घर आहे. नवरा गेल्यापासून मी एकटीच असते. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि माझं नाव सरकारी यादीत गेलं. कायदा असा, की पासष्टीपुढचं माणूस एकटं राहत असेल आणि त्याला एखादं मोठं दुखणं झालेलं असेल, तर आठवड्यातून एकदा रक्ताच्या नात्यातल्या कुणीतरी त्याच्या घरी यायला पाहिजे. लागोपाठ चार आठवडे कुणी आलं नाही तर त्या माणसाला सान्निध्य केंद्रात हलवतात. केंद्र वाईट नाही, मी बघून आले आहे. स्वच्छ आहे, डॉक्टर आहेत, बागही आहे. पण तिथं जेवणाची घंटा रात्री आठला होते, आणि मी जैनाची बाई. सूर्य मावळला की अन्नाला शिवत नाही. ड्यूटीवर असतानाही कधी शिवले नाही, मग डबा तसाच परत आला तरी चालेल. म्हणून मला माझ्या घरातच राहायचं होतं. कायद्यानं मुलांचीही सोय बघितली होती. जो आईबापाकडं जातो त्याला दर शनिवारी हक्काची सुट्टी.

आता कोण गेलं आणि कोण नाही, हे सरकारला कळणार कसं? फोनवर कुणीही काहीही सांगतं. इंटरनेटवरून तर पुण्यात बसून मिरजेतले दिवे लावता येतात. म्हणून त्यांनी एक जुनी गोष्ट उचलली, गाडीतली बटणं.

गाडीत आरशाच्या वर तीन बटणं असतात. पूर्वी ती बंगल्यांची फाटकं उघडायला असायची. बटण दाबलं की गाडीतून रेडिओची लहर निघते, घरातला रिसीव्हर ती ओळखतो आणि दिवे लावतो. कुठले दिवे, किती उजेड, किती वेळ, हे आधी ठरवून ठेवायचं. त्या मांडणीला सीन म्हणतात. लहर जेमतेम साठ-सत्तर मीटर जाते, त्यामुळं गाडी घराजवळ यावीच लागते. आणि तिची नक्कल करता येत नाही, कारण दरवेळी नवा आकडा जातो. गाडी आणि रिसीव्हर, दोघांकडं एकच गुप्त सूत्र असतं. त्यावरून पुढचा आकडा दोघंही आपापला काढतात. जुळला तर दिवे लागतात, सरकारकडं भेट नोंदली जाते, आणि तो आकडा कायमचा बाद होतो.

सम्मेद मला हे समजावत होता तेव्हा हसूच आलं. आमच्याकडं हेच कागदावर चालायचं. शेजारच्या स्टेशनानं गाडी सोडायची परवानगी मागितली की मी फोनवर लाइन क्लिअर द्यायची, आणि त्याबरोबर एक प्रायव्हेट नंबर सांगायचा. नंबरांचा छापील तक्ता खणात असायचा. सांगितलेला नंबर तिथल्या तिथं खोडायचा आणि परत म्हणून वापरायचा नाही. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की मी विचारलं होतं आणि बाईंनी हो म्हटलं होतं. मी सम्मेदला म्हटलं, यात नवीन ते काय रे? तो म्हणाला, नवीन काही नाही, म्हणून तर सरकारनं विश्वास ठेवला.

रिसीव्हर देवघराशेजारच्या भिंतीवर बसवला. त्यावर एकच बटण आहे, 'शिक' म्हणून. ते घरातल्या माणसानं हातानं दाबायचं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत दाराशी उभ्या असलेल्या गाडीतलं बटण दाबायचं, की दोघांची ओळख पक्की होते. मी 'शिक' दाबलं, सम्मेदनं गाडीतलं बटण एक दाबलं. सीनचं नाव त्यानंच ठेवलं, 'आलो'.

पहिलं वर्ष काय सांगू. सूर्य किती वाजता मावळणार ते बघून तो पुण्याहून निघायचा. पाण्याच्या टाकीच्या वळणावर आला की बटण दाबायचा. फाटकावरचा दिवा लागायचा, मग पुढच्या सोप्यातला, मग स्वयंपाकघरातला, शेवटी ताटांवरचा पिवळा. तो पिवळा लागला की मी तवा चढवायची. गाडी लावून, पाय धुऊन तो आत येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी, दही. खिडकीतून उन्हाची तिरीप ताटात येत असायची आणि तो ऑफिसातल्या गमती सांगायचा. मी सुखात होते, उगाच नाही कशाला म्हणू.

गेल्या दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी तो आला तो जरा घाईतच. म्हणाला, रिसीव्हरचं थोडं काम आहे, आई, तू 'शिक' दाब. मी दाबलं. तो बाहेर गाडीत जाऊन बसला, काहीतरी केलं आणि आत आला. कशासाठी दाबायला लावलंस हे मी विचारलं नाही. स्टेशनवर कुणी असा लाइन क्लिअर मागितला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. जेवताना त्यानं सांगितलं, नवं काम अंगावर आलंय, दोन-तीन महिने शनिवारी जमणार नाही. मी केंद्राचं विचारलं. तो म्हणाला, रीतसर अर्ज करून सवलत घेतली आहे, तू निवांत राहा. मी निवांत राहिले. पोटच्या पोराला कोणी अर्जाची नक्कल दाखव म्हणतं का?

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मागच्या दारच्या मोरीवरचा दिवा आपोआप लागला. दोन मिनिटं जळला आणि विझला. मला वाटलं उंदरानं वायर कुरतडली असेल. त्याच्या पुढच्या शनिवारी परत तेच. तिसऱ्या शनिवारी मी घड्याळ बघितलं, सतरा चौतीस. चौथ्या शनिवारी सतरा पस्तीस. उंदीर काही वेळापत्रकानं येत नाही.

मी इरगोंडाला बोलावलं. इरगोंडा माझा जुना पॉइंट्समन. गाड्यांसाठी रूळ बदलायचं काम वीस वर्षं त्यानं माझ्या हाताखाली केलं, आता आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. हातात पकड घेऊन आला, वायर बघितली, काही सापडलं नाही. मग रिसीव्हरच्या छोट्या पडद्यावर मागच्या नोंदी बघत बसला. बघता बघता त्याचा आवाज बारीक झाला.

"मॅडम, हितं लिवलंय, बटण दोन. सीन, इतर. स्वीकारलं. भेट नोंदली. अशा चार हायत."

मी त्याला म्हटलं, काहीतरी चूक असेल. तो म्हणाला, असेल की. दोघांनाही ते पटलेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी सव्वापाचलाच मी काठी घेऊन फाटकाशी जाऊन उभी राहिले. सम्मेदची निळी गाडी हायवेच्या बाजूनं आली. टाकीपाशी हळू झाली. चालकाच्या जागेवर कुणी नव्हतं. मागं कुणी नव्हतं. स्टिअरिंग आपलं आपण वळत होतं. मी मान मागं वळवून घराकडं बघितलं तर घराशेजारच्या बोळातून मोरीवरचा दिवा लागलेला दिसला. गाडीनं टाकीला वळसा घातला आणि आली तशी परत निघाली. स्टेशनमास्तरनं जाणारी गाडी शेवटच्या डब्यापर्यंत बघायची असते. शेवटच्या डब्यावरची पाटी दिसली नाही, तर मागं रुळावर काहीतरी सुटलंय असं समजायचं. मी ती गाडी मागचे लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत बघितली.

गाड्या माणसाशिवाय चालायला लागून चार वर्षं झाली, आणि सांगून ठेवलं की बटणंही त्या आपली आपण दाबतात. कायदा त्याच्या आधीचा. गाडी आली म्हणजे माणूस आलाच, असं तो लिहिणाऱ्यांनी धरलं होतं. आकडा खरा होता, गाडी खरी होती, वेळही खरी होती. आत कोण बसलंय ते आकड्याला कळत नाही. आणि मला कळू नये म्हणून माझ्या लेकानं घरातला सगळ्यात निकामी दिवा निवडला होता, ज्या मोरीत मी पडले तिथला. कारण कुठला तरी दिवा लागल्याशिवाय भेट नोंदली जात नाही. त्यासाठी 'शिक' कुणी दाबलं, तर मीच.

मला संताप आला. चार तास यायला, चार तास जायला, आणि डिकीत एक डझन केळीसुद्धा टाकावीशी वाटली नाहीत? केळी आली असती तरी मी गप्प बसले असते, असं तेव्हा वाटलं. मी फाटकाशी उभी राहिले तोवर सूर्य गेला. ताट झाकलेलंच राहिलं आणि त्या दिवशी मी उपाशी झोपले.

दुसऱ्या दिवशी इरगोंडा म्हणाला, "मॅडम, गप बसा. घर तुमचं ऱ्हातंय, पोराला सुट्टी मिळतीया. कुणाचं काय बिघडलं?"

खरं सांगते, मी गप्प बसले. दोन शनिवार. मोरीवरचा दिवा लागायचा, मी त्याच्याकडं पाठ करून जेवायची. बोलले असते तर घर गेलं असतं. रविवारी सम्मेदचा फोन यायचा, कशी आहेस, जेवलीस का, पाय कसा आहे. मी म्हणायची, मजेत. तोही खोटं बोलत होता आणि मीही. एकतीस वर्षांत जे केलं नाही ते मी म्हातारपणी घरात बसून करत होते, तेही एका स्वयंपाकघरासाठी. तिसऱ्या शनिवारी सकाळी आंघोळ करून आले आणि रिसीव्हरसमोर उभी राहिले. 'शिक' बटण दहा सेकंद दाबून धरलं की रिसीव्हर शिकलेलं सगळं विसरतो. मी मनात आकडे मोजत दाबून धरलं.

संध्याकाळी मी काठी टेकत टेकत टाकीपर्यंत गेले. गाडी आली, थांबली. आरशावरचा बारका दिवा लाल लुकलुकायला लागला. उत्तर येईना. गाडी चार फूट पुढं सरकली, चार फूट मागं आली, पुन्हा लुकलुकली. सिग्नल मिळेना म्हणून स्टेशनाबाहेर अडकलेल्या मालगाड्या मी उभा जन्म बघितल्या, तशीच ही. मी जवळ जाऊन छतावर हात ठेवला. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"आई, घरात लाइट आहे ना?"

"आहे. का रे?"

"रिसीव्हर उत्तर देत नाहीये. मी टाकीपाशी आलोय. तुला सांगितलं नव्हतं, एकदम येऊन दारात उभं राहायचं होतं. पण आत्ताच ऑफिसचा फोन आला, परत फिरावं लागतंय. तू फक्त एकदा 'शिक' दाबतेस का?"

काचेतून मला रिकामी सीट दिसत होती. सीटचा पट्टा नीट लावून ठेवलेला होता, गाडीनं तक्रार करू नये म्हणून.

"सम्मेद, काच खाली कर."

"काय?"

"मी तुझ्या दाराशी उभी आहे. काच खाली कर, तुझं तोंड बघू दे."

मग तो म्हणाला, "आई, तू एकटी एवढ्या लांब कशाला आलीस? पडशील ना."

इतकं प्रेमानं म्हणाला की मला रडूच फुटलं. मग तोही रडला. सगळं सांगितलं. आठवडाभर डोकं वर काढता येत नाही, शनिवारी नुसता झोपून असतो, आठ तासांचा प्रवास अंगाला झेपत नाही. आणि सुट्टीचं राहू दे, तुझं घर वाचावं म्हणून मी हे केलं, असंही म्हणाला. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण त्यानं हे मला आधी सांगितलं असतं, तर मी महिन्यातून एकदाच ये म्हटलं असतं आणि बाकीचे शनिवार केंद्राशी भांडले असते. त्यानं मला विचारलंच नाही. मला मधून काढून माझ्या मोरीच्या दिव्याशी परस्पर व्यवहार केला. मी त्याला सांगितलं, रिसीव्हर आता कोरा आहे. परत शिकवायचा तर गाडी दाराशी लागते आणि घरात माणसाचा हात लागतो. माझा हात मी लावणार नाही. आजचा चुकला, आता तीन शनिवार आहेत. येशील त्या दिवशी भाकरी टाकते.

रिकामी गाडी परत फिरून गेली.

पहिल्या शनिवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारी सम्मेदचा फोन आला, पुढच्या वेळी नक्की म्हणाला. सोमवारी केंद्राकडून सूचना आली, आणखी एक शनिवार चुकला तर सामान बांधून ठेवा. इरगोंडा येऊन सोप्यात बसायला लागला. नुसता तंबाखू मळायचा.

तिसऱ्या शनिवारी पाचला मी पीठ मळायला घेतलं. पाच दहाला फाटक वाजलं. निळी गाडी दाराशी, आणि आतून सम्मेद उतरत होता. केस पांढरे झालेत त्याचे कानापाशी, मला माहीतच नव्हतं. मला इतका आनंद झाला की आता सांगायची लाज वाटते. मी पिठाच्या हातानंच त्याच्या गालावरून हात फिरवला. तो वाकून नमस्कार करून म्हणाला, पाय बरा दिसतोय. मी तवा चढवायला आत पळाले, पळाले म्हणजे काठीनं जितकं पळता येतं तितकं.

आतून मला त्याची पावलं ऐकू येत होती. देवघरापाशी 'शिक' दाबल्याचा टक आवाज. मग तो धावत गाडीत गेला. फाटकावरचा दिवा लागला, सोप्यातला लागला, माझ्या डोक्यावरचा लागला, ताटांवरचा पिवळा लागला. आलो. मी पहिली भाकरी तव्यावर टाकली.

मग पुन्हा टक झालं. पुन्हा तो धावत गाडीत गेला. मागच्या दारातून मला मोरीवरचा दिवा लागलेला दिसला.

तो रुमालानं कपाळ पुसत स्वयंपाकघराच्या दारात आला. "झालं, आई. भेट नोंदली. आता तुला कुणी हलवत नाही."

"बटण दोन कशाला रे?"

"असू दे गं, अडीअडचणीला." त्यानं घड्याळ बघितलं. "जेवायला बसलो तर पोचायला दहा वाजतील. पुढच्या वेळी निवांत येतो."

भाकरी तव्यावर फुगली होती. मी ती उलटली. बस म्हणाले नाही, बांधून देते असंही म्हणाले नाही. तो गेला तेव्हा मी फाटकाशी उभी राहून गाडीचे मागचे दिवे शेवटपर्यंत बघितले. या खेपेला आत माणूस होता, एवढाच काय तो फरक.

आत आले आणि दोन भाकरी पोटभर खाल्ल्या. सूर्य होता, आणि त्याच्यापायी आणखी एकदा उपाशी झोपायची माझी तयारी नव्हती. हात धुतले. रिसीव्हरपाशी गेले आणि 'शिक' दहा सेकंद दाबून धरलं.

केंद्र बघायला गेले होते तेव्हा त्यांनी दिलेला अर्ज कपाटात होता, स्वतःहून येणाऱ्यांसाठीचा. चष्मा लावून भरायला बसले. विशेष सूचना या रकान्यात लिहिलं, जेवण सूर्यास्ताच्या आधी पाहिजे, त्यावर मी भांडणार आहे. येण्याचं कारण या रकान्यात तीन चौकोन छापलेले होते. आजार, नातेवाईक नाहीत, इतर. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि पुढच्या रेघेवर लिहिलं, 'गाडी येते. मुलगा येत नाही.'

खाली सही केली, आणि सवयीप्रमाणं सहीपुढं वेळ टाकली, सतरा एकोणपन्नास.